आजोबांच्या जुन्या टपाल तिकिटांच्या कडेचे दाते मोजून त्यातलं दुर्मीळ कुठलं ते घरी ओळखता येतं का?

येतं. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना की काहींच्या कडा ओबडधोबड आहेत म्हणून आधी सारख्या करून घेणार, ते कृपा करून करू नका. आमच्या घरी हे झालंय म्हणून एवढं लिहायला बसलोय.

१९८४ ची दिवाळीची सुट्टी, सदाशिव पेठेतला वाडा, मी सहावीत, दादा नववीत. आजोबांनी गांधीजींचा सेट जपून ठेवला होता, १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेला, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्या काळात दहा रुपये एका तिकिटाला घातले म्हणून आजीने कितीतरी दिवस अबोला धरला होता. ही तिकिटं आपल्या नाशिकला नाही, स्वित्झर्लंडला कूर्वाझिए नावाच्या छापखान्यात छापलेली, दाते चारी बाजूंनी ११½, म्हणजे दोन सेंटीमीटरमध्ये साडेअकरा भोकं. दादाला शाळेच्या प्रदर्शनात वही मांडायची होती, त्याला ते दाते उंदराने कुरतडल्यासारखे वाटले म्हणून पट्टीने रेघ मारून कात्रीने साफ केले. दहा रुपयांचं पहिलं घेतलं, चारी बाजू गेल्या. बारा आण्याच्या तीन झाल्या आणि आईने जेवायला हाक मारली.

आजोबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त वही उचलून कपाटात ठेवली. दादा आजही म्हणतो, चित्र तर अख्खं आहे ना, दात्यांचं काय एवढं घेऊन बसलास. अरे, सगळं दात्यातच आहे! मध्ये कॅम्पात एका प्रदर्शनात ते दहा रुपयांचं एका जुन्याजाणत्या डीलरला दाखवलं, त्यांनी गेज, म्हणजे दाते मोजायची पट्टी, काढलं आणि तसंच परत खिशात ठेवलं, म्हणाले आता मी मोजू काय? या तिकिटाच्या नकला भरपूर फिरतात आणि त्या पकडायची पहिली पायरीच ही, ११½ भरलं नाही की विषय संपला. आमचं खरं आहे हे मला माहितीये, पण दुसऱ्याला पटवू कशावरून?

आता मोजायचं. दोन सेंटीमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा, पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये काढलेली पद्धत, अजून तीच चालते. आडवी बाजू आधी, मग उभी, म्हणजे १४×१३½ लिहिलंय तर वर-खाली १४ आणि कडेला १३½. गेज विकतच घ्या, नेटवरून प्रिंट काढलं की स्केल हलतो आणि इथे अर्ध्याच्या फरकाने तिकीट दुसरंच ठरतं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत प्रत्येक भोक गेजवरच्या ठिपक्यावर बसलं पाहिजे, मधली चार जुळली म्हणून खूश होऊ नका.

चित्र तेच, दाते वेगळे आणि किंमत कुठल्या कुठे, हे खरंच होतं. अमेरिकेचं १९२३ चं, राष्ट्राध्यक्ष हार्डिंगचं काळं दोन सेंटचं तिकीट घ्या, रोटरी मशीनवर, म्हणजे फिरत्या गोल प्लेटवर छापलेलं १० चं ढिगाने मिळतं आणि त्याच मशीनचं ११ चं जगात मोजकीच आहेत. पण सपाट प्लेटवर छापलेलंही ११ चंच असतं आणि ते स्वस्त, त्यामुळे तिथे चित्राचंही माप घ्यावं लागतं, रोटरीचं किंचित मोठं भरतं.

हो, आणि नुसत्या दात्यांवर पैसे लावू नका, वॉटरमार्क (कागद उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) बघा, कागद बघा, मोठी रक्कम असेल तर तज्ज्ञाचं सर्टिफिकेट घ्या, कारण दाते नव्याने पाडणारेही आहेत आणि कडा कापून बिनदात्याचं म्हणून खपवणारेही. आणि खरं सांगायचं तर आजोबांच्या वहीतली बहुतेक तिकिटं साधीच निघतात, तरी मोजा.

दादाला हे उत्तर पाठवणार आहे. ते बारा आण्याचं अजून माझ्याकडे आहे, जी एक बाजू वाचली ती मी परवाच परत मोजली, बरोब्बर ११½.