परदेशातल्या शिबिराला जायचंय, पण कशासाठी?

प्रश्न : मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूत काम करते. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रियांसाठी एक पथक तीन आठवडे आफ्रिकेत जाणार आहे. अर्जात ‘तुम्हाला का यायचं आहे?’ असा रकाना आहे. सेवेची इच्छा आहेच, पण त्याच त्या ड्यूटीचा कंटाळा आलाय, जग बघायचंय आणि पुढेमागे बाहेर नोकरीही हवी आहे. हे लिहावं का? घरचे म्हणतात, सेवाच करायची तर मेळघाटात जा.
– एक वाचक, पुणे

उत्तर : सिस्टर, यातलं एकही कारण लाज वाटावी असं नाही. पण ‘मानवसेवेची तळमळ’ एवढंच लिहिलंत, तर निवड करणाऱ्यांना तुमच्याबद्दल काहीच कळणार नाही. तुम्ही वॉर्डात काय सांभाळाल ते लिहा. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली रात्र महत्त्वाची असते : तोंडातून रक्त येतंय का, श्वासाला अडथळा होतोय का, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, किती आहे. हे आयसीयूतल्या नर्सला येतं, म्हणून तेच ठळकपणे मांडा.

लहान मुलांचा अनुभव कमी असेल तर तेही स्पष्ट लिहा. आठ किलोच्या बाळाला किलोमागे 15 मिग्रॅ या हिशेबाने 120 मिग्रॅ पॅरासिटामॉल लागतं. सिरप 5 मिलीत 120 मिग्रॅचं असेल तर 5 मिली, 250 मिग्रॅचं असेल तर 2.4 मिली. देणगीतून आलेल्या औषधांत दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असू शकतात. लेबल न वाचता सवयीने 5 मिली दिलं, की डोस दुपटीच्या वर गेलाच. असल्या चुका दमलेल्या माणसाकडून होतात. म्हणून कंटाळ्याचा विचार आधी करा. थकवा असेल तर अगोदर रजा घ्या. शिबिरात विश्रांती मिळत नाही.

संस्थेलाही प्रश्न विचारा. काही मुलांच्या टाळूला शस्त्रक्रियेनंतर पुन्हा भोक पडतं. पथक परतल्यावर त्यांना कोण बघणार? तिथल्या नर्स आपल्यासोबत काम करणार का? त्या देशात नर्स म्हणून लागणारी तात्पुरती नोंदणी कोण काढून देणार? नीट उत्तरं मिळाली नाहीत तर जाऊ नका, हे आमचं ठाम मत आहे. खर्चही विचारा. मर्सी शिप्सच्या रुग्णालय-जहाजांवर स्वयंसेवक प्रवासाचा खर्च स्वतः करतात. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स मानधन देते, पण पहिली नेमणूक बहुधा काही महिन्यांची असते.

नोकरीचा मार्ग वेगळा आहे. अमेरिकेसाठी एनक्लेक्स, ब्रिटनसाठी तिथल्या नर्सिंग कौन्सिलची सीबीटी (संगणकावरची) आणि ऑस्की (प्रात्यक्षिक) परीक्षा द्यावी लागते. शिबिराच्या प्रमाणपत्राने त्या चुकत नाहीत. ‘स्वयंसेवक म्हणून चला, तिकडेच नोकरी लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे आणि पासपोर्ट, दोन्ही देऊ नका.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आईला बाळाचं दूध पाजणं समजावताना दुभाष्याच्या मदतीने काम कसं करायचं ते कळतं, आणि तिथे पुन्हा पुन्हा जाता येतं. आधी तिकडे काम केलंत तर अर्जालाही वजन येईल.

तयारी आताच सुरू करा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात; आधी घेतले असतील तर रक्तातली अँटीबॉडीची पातळी तपासा, ती 10 mIU/mL किंवा जास्त हवी. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच घ्या. तिचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, दहा दिवसांनी वैध होतं आणि जन्मभर चालतं. पीतज्वराच्या देशातून ते नसताना परतलात तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवतापासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते परतल्यावरही चार आठवडे घ्यायचं असतं. घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून ते मध्येच सोडू नका.