शेटलंडला यायचं ठरवताय तर

नवऱ्याला लर्विकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या शेटलंड बेटांच्या मुख्य गावात, नोकरी मिळतेय, मुलगी दुसरीत आहे, आणि ‘तिथले लोक आपल्याला सामावून घेतील का’ असं तुम्ही विचारलंय. घेतील की. पण ‘इथलेच’ म्हणतील ही आशा सोडा. स्कॉटलंडहून सून म्हणून आलेल्या, आता नातवंडं खेळवणाऱ्या बाईलाही इथे ‘सूथमूदर’च म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडून बोटीने आलेली. त्यात हेटाळणी नसते. फारशी.

सगळी बेटं मिळून वस्ती साधारण २३ हजार. कोण कुणाचा दीर, कोण कुणाची मावसबहीण हे कळेपर्यंत कुणाबद्दलही वाकडं बोलू नका. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. विसरलात तर ‘बायकोची तब्येत बरी आहे ना?’ अशी चौकशी नवऱ्याच्या ऑफिसात होईल! आणि स्कॉटलंडला चुकूनही ‘मेनलँड’ म्हणू नका, ते इथल्याच सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव आहे. १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापायी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली, तो विषय चहाच्या टेबलावर अजून निघतो.

खरी ओळख होते ती ‘संडे टी’ला. रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये कुठल्याशा मदतनिधीसाठी चहा असतो. दाराशी पैसे द्यायचे, आत लांब टेबलांवर सँडविच, स्कोन, घरचे केक. किटली घेऊन फिरणाऱ्या बायका कप रिकामा राहू देत नाहीत. नुसतं खाऊन परतू नका, काहीतरी करून न्या. माझ्या नारळाच्या वड्या पहिल्यांदा टेबलाच्या टोकाला पडून होत्या. पुढच्या खेपेला ताट रिकामं झालं, आणि एका आजींनी माझ्या हातात कपबशा पुसायचं फडकं दिलं. इथे माणसाला आपलं म्हणतात ते असं.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी लर्विकमध्ये ‘अप हेली आ’ असतो : मशालींची मिरवणूक, मग व्हायकिंग (जुन्या नॉर्स दर्यावर्दींच्या) तऱ्हेची होडी जाळायची आणि रात्रभर हॉलांमधून नाच. २०२३ पासून त्या मिरवणुकीत बायका-मुलीही असतात, लेकीला सांगून ठेवा.

डिसेंबरात उजेड सहा तासही नसतो. गोडा मसाला, पोहे सोबतच आणा. बरेच ऑनलाइन दुकानदार बेटांचा पत्ता पाहिला की जादा पैसे मागतात, नाहीतर सरळ नाही म्हणतात. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन बंदरातून येणारी बोट रात्रभराची, उलटीच्या गोळ्या जवळ ठेवा. आणि घराची सोय नोकरी देणाऱ्याकडून आधी लेखी घ्या, भाड्याची घरं इथे सहजी मिळत नाहीत.