ग्लास फिल्ड (काचतंतू मिसळलेल्या) नायलॉनसाठी इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या झिजलेल्या स्क्रूवर हार्ड क्रोमचं कोटिंग करावं की टायटॅनियम नायट्राइडचं?

"झिजलेल्या" हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. दोन्ही नको. आधी मायक्रोमीटर लावा.

चाकणला टूलरूमला होतो तेव्हाची गोष्ट. 45 मिमीचा नायट्राइड केलेला (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक केलेला) स्क्रू, मटेरियल 30 टक्के ग्लासचं नायलॉन 66, मशीन तिन्ही शिफ्टला चालू. कुशन (इंजेक्शननंतर स्क्रूपुढे उरणारं थोडं मटेरियल) टिकेना म्हणून चेक रिंग (वितळलेलं मटेरियल मागे जाऊ न देणारी कडी) बदलली, कुशन जाग्यावर आलं. पण दाणा ओढून स्क्रू मागे यायला पूर्वीच्या दीडपट वेळ लागायचा. स्क्रू काढला, पितळी ब्रशने साफ केला. मीटरिंगकडच्या, म्हणजे स्क्रूच्या पुढच्या भागातल्या, फ्लाइटच्या (आट्यांच्या) कडा अशा धारदार झालेल्या की हातमोजा फाटला. व्यासात 0.4 मिमी गेले होते.

मी म्हटलं, फ्लाइटवर हार्डफेसिंग (वेल्डिंगने कडक धातूचा थर) भरून ग्राइंड करून घेऊ, बॅरलचा (स्क्रू ज्यात फिरतो त्या नळीचा) बोअरही मापू. साहेब म्हणाले, "एवढा खर्च कशाला? क्रोम मारून आण, भरून निघेल." अहो, 25 मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी धरला तरी व्यास वाढतो 0.05 मिमी. बाकीच्या 0.35 चं काय? शिवाय नायट्रायडिंगचा सगळ्यात कडक भाग वरचाच असतो, तो केव्हाच घासून गेला होता. मऊ पोलादावर कडक कवच किती दिवस टिकणार?

दीड महिन्यात पापुद्रे सुटले. काळ्या कनेक्टरमध्ये चंदेरी कण दिसायला लागले. कनेक्टरमध्ये धातू! सगळा लॉट परत आला आणि रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, "टूलरूमकडून कोटिंगच्या कामावर देखरेख नाही." ते वाक्य मला अजून पाठ आहे.

तुमचा स्क्रू नवा असता तर टायटॅनियम नायट्राइड म्हणालो असतो. ते साधारण 2300 विकर्स (कडकपणाचं माप), हार्ड क्रोम 1000च्या आसपास. पण टायटॅनियम नायट्राइडचा थर 2 ते 4 मायक्रॉनचाच, त्यामुळे खालचं पोलाद आरपार कडक हवं. कोटिंग 400-450 अंशांवर होतं. टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवणं) त्याच्या खालच्या तापमानाला झालं असेल तर स्क्रू आतून मऊ पडतो. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून तो आकडा लेखी घ्या. आणि ग्लास चालवायचं तर बॅरल बायमेटॅलिकच (आतून कडक मिश्रधातूचं अस्तर असलेला) हवा, कोटिंगचा विचार त्यानंतर.

एक राहिलं: त्याच मशीनवर पीव्हीसी चालवणार असाल तर हिशोब वेगळा. तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं आणि क्रोमच्या बारीक भेगांतून खाली शिरतं. तिथे इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय, रसायनात बुडवून चढवलेला निकेलचा थर) बरं, पण ते ग्लासपुढे टिकत नाही.

तुमचे साहेबही "भरून निघेल" म्हणाले तर फ्लाइटची मापं कागदावर लिहा, तारीख घाला आणि काम बाहेर पाठवायच्या आधी त्यांची सही घ्या. मी घेतली नव्हती.