लुंडमध्ये ओळखी कुठे होतात?

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये मी दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी स्वीडनला, लुंड विद्यापीठात निघालोय. तिथले लोक फार अबोल असतात, असं जो तो सांगतो. मग ओळखी व्हायच्या कशा? – एक वाचक

उत्तर : अबोल आहेत, यात वाद नाही. बसमध्ये तुझ्या शेजारची सीट रिकामी असली तरी उभे राहतील. मनाला लावून घेऊ नकोस. पण रस्त्यात हूं की चूं न करणारी हीच मंडळी एकदा कामाला जुंपली, की त्यांच्या गप्पा आवरत नाहीत. म्हणून तू काम शोध.

लुंडमध्ये त्याची सोय आयतीच आहे. विद्यार्थ्यांनीच चालवलेली १३ ‘नेशन्स’, म्हणजे विद्यार्थी मंडळं आहेत. नावं कालमार, माल्मो, गोटेबोर्ग अशी, पण त्या गावाचा असण्याची अट नाही. कुठल्याही नेशनचा सभासद हो. फक्त सभासद होऊन भागायचं नाही, थेट स्वयंपाकघरात नाव दे. जेवणं, पब, पार्ट्या सगळं विद्यार्थीच सांभाळतात. मी तिथे कांदे चिरायला उभी राहायचे. शेजारी बटाटे सोलणारी मुलगी, जी कॉरिडॉरमध्ये मान हलवून निघून जायची, तिने पहिल्याच संध्याकाळी मला तिच्या आजीची अख्खी कहाणी ऐकवली. ‘सिटनिंग’ नावाचं पंगतीचं जेवणही चुकवू नकोस. दर थोड्या वेळाने सगळे गाण्याचं पुस्तक उघडून गातात. सूर नसला तरी चालतो, गप्प बसलेलं चालत नाही.

घड्याळ मात्र सांभाळ. वेळापत्रकात लेक्चर दहाचं असेल तर ते बहुधा सव्वादहाला सुरू होतं. ती जुनी रीत आहे. पण कुणी तीनला ‘फिका’ला, म्हणजे कॉफी नि दालचिनीच्या बनला बोलावलं, तर तीन म्हणजे तीनच. पैसे ज्याचे त्याने द्यायचे. न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभा राहू नकोस, आणि घरात शिरताना बूट काढ. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची; सुरुवातीला जीभ अडखळते, मग सवय होते.

आता भांडणाची जागा : इमारतीची सामाईक लाँड्री. तिथे आधी वेळ राखून ठेवायची आणि त्या वेळेतच आवरायचं. निघताना ड्रायरची जाळी ओढून तिच्यावर साचलेला कापसाचा थर बोटांनी काढून टाक. नाही काढलास तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी लागेल. भाषा सभ्य, उद्गारचिन्हं भरपूर!

कागदपत्रांचं थोडक्यात : वर्षभर किंवा जास्त राहणार असल्याने कर खात्यात, म्हणजे ‘स्कात्तेवेर्केत’कडे, नोंदणी करून ‘पेर्सूननुमेर’, म्हणजे तिथला ओळख क्रमांक घे. त्याच्याशिवाय बँकेचं, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या ‘स्विश’चं, सगळंच अडतं.

नेशनचं काम मात्र पहिल्या आठवड्यातच उरक. डिसेंबरात साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा ओळखी नसतील तर खोलीबाहेर पडणंही जिवावर येतं.