वायफायच्या चॅनेलांचे नियोजन: हे वायरमनचे काम नव्हे

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे. इंटर्नशिपमध्ये एका वसतिगृहातील 18 ॲक्सेस पॉइंटचे (वायफायचे सिग्नल देणाऱ्या उपकरणांचे) काम माझ्याकडे आले. वायफाय संथ होते, म्हणून मी शेजारशेजारच्या ॲक्सेस पॉइंटना 1, 3, 5 अशी वेगवेगळी चॅनेल दिली. पण तक्रारी उलट वाढल्या. बाबा म्हणतात, हे वायरमनचे काम आहे, त्यापेक्षा सॉफ्टवेअरचा कोर्स कर. मी काय करावे?

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे, परंतु केबल ओढणे आणि रेडिओचे नियोजन करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांना जरूर सांगा. (केबलचे काम हलके आहे असे मुळीच नाही, जोडणी कच्ची असेल तर उत्तम नियोजनही वाया जाते.)

तुमच्या तक्रारी का वाढल्या, याचे उत्तर तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात 1 ते 13 या चॅनेलांची (त्या पट्ट्यातल्या ठरावीक भागांची) केंद्रे एकमेकांपासून अवघ्या 5 मेगाहर्ट्झवर असतात, तर एक चॅनेल सुमारे 20 मेगाहर्ट्झ जागा व्यापते; म्हणजे 1 आणि 3 एकमेकांवर चढतात. एकाच चॅनेलवरची उपकरणे दुसऱ्याचे प्रक्षेपण ओळखून आपली पाळी येईपर्यंत थांबतात, मात्र अर्धवट चढलेल्या चॅनेलवरून येतो तो निव्वळ गोंगाट, ज्यामुळे माहिती बिघडते आणि पुन्हा पाठवावी लागते. म्हणून 1, 6 आणि 11 एवढीच चॅनेल वापरा आणि तोच क्रमांक जवळ येऊ देऊ नका. वरचा आणि खालचा मजलाही त्यात धरा, कारण स्लॅबमुळे लहरी क्षीण होतात, पण थांबत नाहीत. 18 जागांना तीनच चॅनेल म्हटल्यावर पुनरावृत्ती अटळ आहे, त्यामुळे प्रक्षेपणाची शक्ती कमी करावी लागते आणि काही ॲक्सेस पॉइंटचा 2.4 चा रेडिओ चक्क बंद ठेवावा लागतो. रेडिओ बंद केल्याने सेवा सुधारते, हे व्यवस्थापनाला पटवून देणे हा या व्यवसायातला कसोटीचा भाग आहे. शक्य तितका भार वायफायच्या 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या, पण तिथे 80 मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलचा मोह टाळा. त्यात 20 मेगाहर्ट्झची चार चॅनेल एकदम खर्ची पडतात.

कंट्रोलर (सर्व ॲक्सेस पॉइंट एकत्र हाताळणारी यंत्रणा) हे सारे आपोआप करतो, मग माणूस कशाला, असे तुम्हाला कुणीतरी म्हणेलच. कंट्रोलर मुख्यतः छताला बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटना जे ऐकू येते त्यावरून चॅनेल ठरवतो; कोपऱ्यातल्या खोलीत, लोखंडी कपाटाआड ठेवलेल्या मोबाइलची अडचण प्रत्यक्ष फिरून मोजणाऱ्यालाच कळते. रुग्णालये, गोदामे आणि विमानतळ यांना असा माणूस लागतो.

पदविकेनंतर आधी सीसीएनए (सिस्को कंपनीचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र) करा, कारण स्विचिंग आणि राउटिंग, म्हणजे नेटवर्कमधून माहिती योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे तंत्र, आल्याशिवाय वायरलेसचे काम स्वतंत्रपणे हाती मिळत नाही, त्यानंतर सीडब्ल्यूएनए, म्हणजे वायरलेस नेटवर्कचे प्रमाणपत्र. सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, म्हणजे बाबांचा सल्लाही वाया जाणार नाही: शेकडो ॲक्सेस पॉइंटच्या नोंदी हाताने तपासता येत नाहीत. पहिली काही वर्षे शिडी, प्रवास आणि रात्रीची कामे असतील, याची तयारी घरच्यांशी बोलून ठेवा.

इंटर्नशिप संपण्यापूर्वी वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचे चॅनेल, शक्ती आणि पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या माहितीचे प्रमाण नोंदवा, वरीलप्रमाणे बदल करा आणि आठवड्याने तीच मोजणी पुन्हा घ्या. मुलाखतीला जाताना ते कागद जवळ ठेवा. त्याआधी ते बाबांना दाखवा.