मिनिआपोलिसच्या हिवाळ्यात गुलाब कसा जगवायचा

नाशिकच्या बागेतले टपोरे गुलाब अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसला घरामागे लावले तर बर्फात टिकतील का, असं तुम्ही विचारलंय. टिकतील. पण आपली ऑक्टोबरची छाटणी तेवढी विसरून या.

आपल्याकडे पाऊस सरला की छाटायचं, आळं उकरायचं, शेणखत घालायचं, की नवी फूट येते. इथे तीच फूट घात करते. कोवळ्या फांदीत पाणी जास्त, साल कच्ची. कडाक्याच्या पहिल्या रात्रीच ती काळी पडते. म्हणून नत्राचं खत १५ ऑगस्टच्या सुमारास बंद करा. सप्टेंबरच्या मध्यापासून सुकलेली फुलंही खुडू नका. फळं धरली की झाड वाढ आवरतं घेतं. पाणी मात्र माती गोठेपर्यंत द्या, कारण हिवाळी वाऱ्यात फांद्या सुकतात आणि गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही.

लावतानाही एक सवय मोडावी लागेल. डोळा भरलेला जोड, म्हणजे खुंटाच्या (मुळं पुरवणाऱ्या रोपाच्या) अंगावर हवी ती जात बसवलेली जागा, आपण मातीच्या वर ठेवतो, इथे तो २ ते ४ इंच खाली गाडायचा. उघडा राहिलेला जोड थंडीने मेला तरी खालचा खुंट जगतो. वसंतात जोमदार फूट दिसते, आणि जूनमध्ये गुलाबी फुलांऐवजी लहान, गडद लाल फुलं येतात. ती बहुधा ‘डॉक्टर ह्यूई’ या खुंटाची असतात. स्वतःच्या मुळांवरचं रोप मिळालं तर तेच घ्या. वरून जळलं तरी खालून मूळ जातच फुटते.

झाकायची घाई करू नका. दोन-तीन कडक रात्री जाऊ द्या, म्हणजे झाड निजतं. मग ऑक्टोबरअखेरीस बुंध्याभोवती १० ते १२ इंच मातीचा ढीग घाला. माती दुसरीकडून आणा. तिथलीच ओढलीत तर मुळं उघडी पडतात. ढीग वरून गोठला की भोवती जाळीचं कडं करून त्यात सुका पाचोळा भरा. आधी भरलात तर उंदीर घर करतात आणि साल कुरतडतात. दुकानातल्या थर्मोकोलच्या टोप्या वापरणार असाल तर वर भोकं पाडा. उन्हाच्या दिवशी आत ऊब धरते, डोळे फुगतात आणि रात्री मरतात. नुसत्या थंडीपेक्षा हे गोठणं-वितळणंच जास्त झाडं घेऊन जातं.

हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकेक टपोरं फूल येणाऱ्या जातींना एवढंही पुरत नाही. जानेवारीत पारा उणे २५ अंश सेल्सिअसखाली जाऊ शकतो. त्यांच्यासाठी इथे ‘मिनेसोटा टिप’ करतात: झाडच आडवं करून पुरायचं. ऑक्टोबरच्या मध्यात, माती मऊ असताना, फांद्या सुतळीने सैल जुडीत बांधा. बुंध्यापासून झाडाच्या उंचीएवढा लांब चर खणा. विरुद्ध बाजूची माती बागकामाच्या दातेरी काट्याने (फोर्कने) सैल करा आणि झाड हळूहळू चरात लोळवा. वाक मुळांपाशी यायला हवा; फांद्या वाकवल्या तर जोडापाशी कट्कन मोडतात. वर २-३ इंच माती, ती गोठली की पाचोळ्याच्या भरलेल्या पिशव्या. सुतळीचं एक टोक वर ठेवा, एप्रिलमध्ये झाड शोधायला कामी येतं.

एप्रिलच्या मध्यात माती मोकळी झाली की थराथराने उघडा, शक्यतो ढगाळ दिवशी. छाटणी तेव्हा. फांदी कापून गाभा बघा: पांढरट-हिरवा दिसेपर्यंत खाली कापत जा, तपकिरी गाभा मेलेला.

पहिल्या वर्षी एवढा खटाटोप नको असेल तर ‘विल्यम बॅफिन’ किंवा ‘जॉन कॅबट’ लावा. कॅनडात थंडीसाठीच तयार केलेल्या या जाती फारशा झाकाव्या लागत नाहीत. भाड्याचं घर असेल तर कुंडी बिनहीटरच्या गॅरेजात ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडं पाणी द्या. भारतातली माती किंवा कलमं सामानात भरू नका, परवान्याशिवाय विमानतळावरच काढून घेतात.