टोमॅटोचं झाड माजलं, फळ मात्र बुडाला काळं

प्रश्न (जालना जिल्हा): काळ्या रानात टोमॅटो आहे. दर पाण्याला युरिया देतो. झाड माजलंय, पण फळं बुडाला काळी पडताहेत. भावकीतले म्हणतात, रासायनिक बंद करून सगळं शेणखतावर घ्या. काय करू?

उत्तर: दादा, आधी युरिया थांबवा. काळ्या रानात चुनखडी भरपूर, म्हणजे कॅल्शियम जमिनीत आहेच. फळाच्या बुडापर्यंत ते पोचत नाही. मधेच ताण, मग एकदम भरपूर पाणी, वर युरियाचा मारा, यानेच हे होतं. पाणी ठिबकने रोज थोडं थोडं द्या. काळी फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. कॅल्शियम नायट्रेट सोडायचं तर वेगळं सोडा. फॉस्फेट-सल्फेटच्या खतांत मिसळलं तर साका बसून ड्रीपर बंद पडतात.

आता शेणखताचा हिशोब करू. संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे एकरी १२० किलो. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, टनाला ५ किलो. निव्वळ त्यावर घ्यायचं तर एकरी २४ टन लागेल, आणि तोही सगळा नत्र पहिल्या हंगामात मिळत नाही. दावणीला दोन जनावरं असताना एवढं कुठून आणणार? म्हणून रासायनिक एकदम बंद करा असं मी सांगणार नाही.

तरी भावकीतल्यांचं म्हणणं पोकळ नाही. युरियाने रानातले सगळे जीवाणू मरतात असं नाही, पण नुसत्या युरियावर ते उपाशी राहतात. त्यांचं खाद्य सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन. आपल्या उन्हात तो झपाट्याने झिजतो, आणि वर आपण पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवतो! हे बघून जीव तुटतो. वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, एक फावडं मारा, ढेकूळ हाताने फोडा. गांडुळाची बिळं, बारीक मुळ्या दिसतात का? की नुसता घट्ट, बिनवासाचा थर?

पुढच्या लागवडीआधी एकरी ८ टन शेणखत टाका, पण पूर्ण कुजलेलं. मुठीत घेतल्यावर भुसभुशीत लागलं आणि शेणाचा वास गेलेला असला की समजा तयार झालं. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या वाकड्या पांढऱ्या अळ्या रानात येतात आणि मुळ्या खातात. ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जीवाणू याच खतात मिसळा, रासायनिक खतात कधीच नाही. उरलेला नत्र ठिबकातून हप्त्याहप्त्याने द्या.

रान मोकळं झालं की माती तपासून घ्या. अहवालातला सेंद्रिय कर्बाचा आकडा मला कळवा, त्यावरून पुढचा डोस ठरवू.